आटणीचा धूर, लवंगेचं तेल आणि एसजीपीटीचा आकडा

कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या एका कारागिराने प्रश्न पाठवलाय. वय ४२, घरचाच चांदीचा छोटा कारखाना, आटणी (चांदी वितळवणं) आणि झाळकाम (सांधे जोडणं) स्वतःच्या हाताने. दारू नाही, तंबाखू सुटलेली. सहज म्हणून रक्त तपासलं तर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) ८४, म्हणजे प्रमाणाबाहेर, निघालं. मग मोबाइलवर कुठेसं वाचलं की धातूचे नॅनोकण यकृत खराब करतात आणि लवंग, दालचिनी, ओवा यांची सुगंधी तेलं त्यापासून वाचवतात. तेव्हापासून तीन आठवडे रोज सकाळी पेलाभर कोमट पाण्यात लवंगतेलाचे पाच थेंब चालू आहेत. विचारणं एवढंच: हे चालू ठेवू का, किती घेऊ, आणि वडील दाढदुखीला हेच तेल लावतात ते बंद करू का.

आधी माझ्याबद्दल. मी डॉक्टर नाही. इथे कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना सव्वीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं, आणि त्यातली निम्मी तरी पांढऱ्या उंदरांच्या यकृतांबरोबर गेली. त्यामुळे तुम्ही वाचलेल्या प्रयोगांची आतली बाजू मला ठाऊक आहे. तुमचं यकृत मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांनीच बघायचंय.

तेल आजपासून बंद करा. कारण सांगते, आणि ते जरा लांबेल, कारण तुम्ही वाचलेलं खोटं नाही. खोटं असतं तर दोन ओळींत भागलं असतं.

नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. डोक्याचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. असे कण रक्तात शिरले की त्यांचा मोठा वाटा यकृतात जाऊन अडकतो. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला मुळातच चाळणीसारखी भोकं असतात, सुमारे १०० नॅनोमीटरची, आणि त्याच वाहिन्यांत कुफर पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. रक्तातून जे परकं येईल ते गिळायचं, हा त्यांचा धंदा. कण गिळला की पुढे काय होतं ते धातूवर अवलंबून. झिंक ऑक्साइड पेशीच्या आतल्या आम्लात विरघळतं आणि जस्ताचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, मोकळे सुटतात. चांदी हळूहळू आयन सोडते आणि ते आयन प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळतच नाही, नुसतं बसून राहतं. वाटा तिन्हींच्या वेगळ्या, पण शेवट बऱ्यापैकी सारखा: पेशीत ऑक्सिजनचे तिखट, अस्थिर रेणू वाढतात, पेशीच्या पडद्यातली स्निग्धद्रव्यं खवट व्हायला लागतात, सूज येते, आणि पेशी फुटली की तिच्यातलं एसजीपीटी रक्तात उतरतं.

(हुपरीवाल्यांना गंमत वाटेल म्हणून: चांदीचे नॅनोकण पाण्यात असले की पाणी चंदेरी दिसत नाही, हळद कालवल्यासारखं पिवळं दिसतं. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक विद्यार्थी बाटली बदलली म्हणून विचारायला येतो.)

आता तेलं. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, ओव्यात थायमॉल. इजिप्तमधल्या संशोधकांनी थाइमचं तेल झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांविरुद्ध उंदरांत आणि दालचिनीचं तेल टायटॅनियमच्या कणांविरुद्ध नर उंदरांत वापरून बघितलं. थाइम आपल्या स्वयंपाकघरात नसतं, पण त्याचा मुख्य घटक थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याचाच वास. तेलामुळे बिघाड कमी झाला, हे त्यांना दिसलं. दिसणारच. थायमॉल आणि युजेनॉल हे फिनॉल आहेत, आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन त्या तिखट रेणूंना गप्प करतात. सिनॅमाल्डिहाइडची तऱ्हा वेगळी. पेशीत कीप-१ नावाचं एक प्रथिन एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्याला धरून ठेवतं. सिनॅमाल्डिहाइड कीप-१ ला चिकटतं, पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन संरक्षक प्रथिनं बनवण्याचा हुकूम सोडतं. म्हणजे दालचिनीचं तेल यकृताला किंचित त्रास देतं आणि त्या त्रासाने यकृत सावध होतं.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळी मेख तिथेच आहे. किंचित त्रास.

ग्लुटाथायोन ही यकृताची गंगाजळी. येईल त्या विषाला बांधून बाहेर काढायला ती खर्च होते. युजेनॉलचं यकृतात रूपांतर होताना त्याचा काही भाग अशा रूपात जातो की त्याला बांधायलाही ग्लुटाथायोनच लागतं. थोडं असेल तर खर्च भरून निघतो. जास्त झालं की गंगाजळी आटते आणि पेशी उघड्यावर पडतात. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत हेच होतं. लवंगतेल ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे एक ते दोन छोटे चमचे, पोटात गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाचं यकृत कोलमडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आणि अशा प्रसंगी बाळांना दिलं जातं ते एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचंच औषध. उंदराचं यकृत वाचवणारं तेल आणि बाळाचं यकृत बुडवणारं तेल ही एकाच झाडाची कळी आहे, फरक मात्रेचा आणि अंगाच्या आकाराचा.

मग मात्रा मोजू. अशा प्रयोगांत तेल बऱ्याचदा उंदराच्या वजनाच्या दर किलोला १०० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. उंदराची मात्रा माणसाला लावताना ढोबळमानाने ६.२ ने भागतात, कारण लहान प्राण्याचा चयापचय झपाट्याचा. म्हणजे किलोला साधारण १६ मिलिग्रॅम. तुम्ही ६५ किलोचे धरले तर रोज एक ग्रॅम, वीस-पंचवीस थेंब. आता दुसरी बाजू: अन्नातल्या मिश्रणद्रव्यांवरच्या संयुक्त आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने युजेनॉलची रोजची स्वीकार्य मर्यादा किलोला २.५ मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे. ६५ किलोला १६० मिलिग्रॅम. चांगल्या लवंगतेलात चार-पंचमांश युजेनॉल असतं आणि एक थेंब ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तुमच्या पाच थेंबांत १६० मिलिग्रॅम येतं. म्हणजे तुम्ही रोज बरोबर काठावर उभे आहात, तेही बाटलीचा ड्रॉपर जाड थेंब सोडत नसेल तर. आणि प्रयोगातला परिणाम हवा असेल तर याच्या चार-पाचपट प्यावं लागेल. फायद्याची मात्रा धोक्याच्या रेषेपलीकडे बसलीय, अशी ही अडचण.

एक छोटी गोष्ट करून बघा, न पिता. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, थेंब टाका, उजेडाकडे धरा. अस्सल लवंगतेल पाण्यापेक्षा जड असतं. थेंब तळाशी जाऊन मोत्यासारखे बसतात. ढवळा, थोडे फुटतील, पुन्हा बसतील. म्हणजे तुम्ही पेलाभर पाणी पिता तेव्हा तेल पातळ होऊन जातच नाही, शेवटच्या घोटात सगळं एकदम घशाला लागतं. छातीत जळजळ होत असणार, कळवलं नाहीत एवढंच. आणि थेंब वर तरंगले तर बाटलीत लवंग सोडून दुसरंच काही जास्त आहे, मग तर प्रश्नच मिटला.

आता प्रयोगशाळेतलं एक सांगते, म्हणजे त्या आकड्यांकडे कसं बघायचं ते कळेल. आमच्याकडे एक मुलगी टायटॅनियमच्या कणांवर काम करत होती. यकृत थंड सलाइनमध्ये धुवायचं, टिपकागदावर टेकवायचं, वजन करायचं, बर्फावर वाटायचं, गाळ खाली बसवून वरचं पाणी घ्यायचं, थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं. स्निग्धद्रव्यं जितकी खवट झालेली तितका रंग गुलाबी. मग यंत्रात ५३२ नॅनोमीटरला वाचायचं. तिच्या नॅनोकणांच्या गटाचे आकडे इतके चढले की ती उड्या मारायला लागली. मला शंका आली ती नळीकडे बघून. गुलाबी होती, पण सरबतासारखी स्वच्छ नव्हती, त्यात किंचित ताकाची झाक होती. म्हटलं, परत फिरव, जास्त वेगाने. फिरवल्यावर नळीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका बसला आणि आकडा लक्षणीय उतरला. यंत्र खवटपणाबरोबर तरंगणारे पांढरे कणही मोजत होतं. बिघाड होताच, पण वाटला तेवढा नव्हता. दालचिनीच्या तेलाची खोड उलटी: ते स्वतःच आल्डिहाइड, म्हणजे खवटपणातून तयार होणाऱ्या द्रव्याच्याच जातीचं, असल्यामुळे यकृताचा तुकडाही नसलेल्या नळीत रंग आणतं. ज्याने रिकाम्या नळ्या लावून बघितल्या नाहीत त्याच्या आलेखावर मी फार विसंबत नाही. चांगल्या प्रयोगांत हे सगळं बघितलेलं असतं, त्यात यकृताचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीही बघतात. तरी उंदरांना कण नळीने थेट पोटात दिलेले असतात, बऱ्याचदा किलोला ५० ते काही शे मिलिग्रॅम. माणसाच्या हिशेबात रोज अर्धा ग्रॅम ते काही ग्रॅम पूड. तुम्ही पूड खात नाही. आणि बहुतेक प्रयोगांत तेल कणांच्या आधी किंवा बरोबरीने देतात. तुमची धुरातली वीस वर्षं आधीच होऊन गेलीत.

म्हणून खरं बोलायचं ते धुराबद्दल. तुमच्या पत्रात तेलावर अर्धं पान आणि भट्टीवर एक ओळ आहे, मला ते उलटं हवं होतं.

चांदी ९६२ अंशांना वितळते. झाळीच्या चांदीत तांबं आणि जस्त असतं, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे मुशीत चांदी पातळ होईस्तोवर जस्त धूर होऊन वर निघू लागलेलं असतं. तो पांढरा धूर म्हणजे झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, बाटलीतले नव्हे, तुमच्या नाकासमोर तयार झालेले. ज्या कारागिरांना जास्त आटणीच्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंड गोडसर लागतं, आणि सकाळी सगळं उतरतं, त्यांना हाच धूर बाधलेला असतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतं. हा ताप बहुधा आपोआप जातो.

माझी खरी काळजी कॅडमियमची. केडीएम सोनं हा शब्द तुम्ही ऐकलाय, त्यातलं केडीएम म्हणजे कॅडमियमची झाळ. चांदीच्या झाळीतही ते वापरत, कारण झाळ कमी उष्णतेला वाहते आणि सांध्यात छान शिरते. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. नवीन झाळ तुम्ही बिनकॅडमियमची आणत असाल. पण जुनी मोड आटवता ना? कुणाच्या आजीच्या पैंजणात कुठली झाळ होती हे कोण सांगणार? मुशीतून तपकिरी-पिवळसर धूर आला तर तो टाकणखाराचा समजून पुढे वाकू नका. कॅडमियमचा धूर लागला की त्या वेळी फारसं काही होत नाही, चार ते दहा तासांनी ताप, खोकला, छाती आवळल्यासारखी. सुरुवात जस्ताच्या तापासारखीच दिसते, म्हणून लोक गोळी घेऊन झोपतात, आणि यात फुप्फुसात पाणी भरून माणूस जाऊ शकतो. आटणीनंतर रात्री छाती जड झाली तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी काढून कोल्हापूर गाठायचं आणि दारातच सांगायचं की धातूचा धूर गेलाय. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर ते यकृतात आणि मूत्रपिंडात साठून राहतं, अर्धं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं. त्याच्यावर लवंग नाही आणि ओवाही नाही.

चांदीच्या कणांबद्दलही तुमची भीती अगदीच अनाठायी नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये हवेतल्या चांदीच्या नॅनोकणांची शिफारस-मर्यादा घनमीटरला ०.९ मायक्रोग्रॅम ठेवली. आधार होता उंदरांना श्वासावाटे कण दिल्याचा, त्यांची फुप्फुसं सुजली होती आणि यकृतात पित्तनलिका वाढल्या होत्या. म्हणजे श्वासातून यकृतापर्यंत वाट आहे. पण पहिला मार फुप्फुसाला, रक्तात उतरतो तो थोडा भाग.

कारखान्यात काय करायचं, तर पहिलं म्हणजे भट्टीच्या डोक्यावरचा छताचा पंखा आटणीच्या वेळी बंद. तो धूर काढत नाही, खोलीभर वाटतो. ओढणारा पंखा आणि पत्र्याचं धुराडं मुशीच्या मागच्या बाजूला, तोंडाच्या उंचीपेक्षा खाली, म्हणजे धूर तुमच्या तोंडावरून न जाता मागे जाईल. हुपरीत पत्र्याचं काम करणारा माणूस हे एका दुपारी बसवून देईल. तोंडाला रुमाल बांधण्याचा उपयोग नाही, कण त्यातून सहज आरपार जातात. एन-९५ नाकाला घट्ट बसणारा हवा, आणि दाढी असेल तर तो बसत नाही. तेजाबाच्या वाफेला एन-९५ चालत नाही, त्याला वेगळ्या डब्याचा मुखवटा लागतो. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ते पुसलेलं पाणीही फेकू नका, त्यात चांदी असते हे मी तुम्हाला काय सांगायचं. आणि चहा कारखान्यात येता कामा नये. पाटावर चहाचा कप आणि त्याच हाताने भडंगाचा घास, हे दृश्य मी हुपरीत इतक्या ठिकाणी पाहिलंय की पोटात जाणारी अर्धी धूळ तिथूनच जात असावी असं मला वाटतं. मोजलेलं नाही, पण पैज लावेन. झाळ घेताना दुकानदाराकडून बिनकॅडमियमची असल्याचं लिहून घ्या. तो हसेल. हसू द्या.

आता ८४. बेचाळिशीच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाचं एसजीपीटी इतकं असलं तर धातूचा नंबर यादीत खूप खाली असतो. वर असते यकृतातली चरबी. पोट सुटलंय का, साखर किती, ट्रायग्लिसराइड किती? मग हिपॅटायटिस बी आणि सी, दोन्ही तपासून घ्या, एकदाच करायची तपासणी आहे. मग औषधं: अंगदुखीच्या गोळ्या, क्षयाचं औषध, आणि कुणी दिलेल्या भस्माच्या पुड्या. भस्म घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांसमोर पुडी ठेवा. तपासणीच्या आदल्या दिवशी भरपूर जड काम झालं असेल तरी आकडा वर जातो, एसजीओटी, म्हणजे त्याच्या जोडीला मोजतात ते दुसरं विकर, त्याहून जास्त. आणि हो, ८४ तेलाच्या आधीचं आहे, त्यामुळे आज किती आहे ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. तेल बंद करून चार आठवड्यांनी पुन्हा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करा, जोडीला पोटाची सोनोग्राफी. डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून रक्तातलं आणि लघवीतलं कॅडमियम तपासायला सांगा. ते स्वतःहून सुचवतीलच असं नाही, कारण त्यांच्या समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर आटणी लिहिलेली नसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, युजेनॉल रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो.

लवंग मसाल्यात, ओवा भज्यात, दालचिनी पुलावात, हे सगळं चालू द्या. आख्ख्या मसाल्यातून जाणारं तेल फार थोडं असतं, आणि तांबड्या रश्श्यावर मी काही बोलले तर कोल्हापुरात राहणं मुश्कील होईल.

वडिलांच्या दाढेचं: कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, खोबरेल तेलात कालवून, दुखऱ्या दाढेवर दोन-चार मिनिटं, थुंकी गिळायची नाही. एखाद-दुसरा दिवस ठीक. रोज लावावं लागत असेल तर हिरडी पांढरी पडून सोलते, आणि दाढ आतून सडतच राहते, त्यांना दंतवैद्याकडे न्या. बाटली मात्र आज घरी गेल्यावर देवळीतून काढून वरच्या फळीवर ठेवा. घरात लहान मूल असलं किंवा पाहुण्यांचं येत असलं तर कुलुपात.